तुला दिसतंय, पण तू दिसतोस का?

एके काळी पुण्यात सायकलला दिवा नसला की पोलीस पकडत. पकडलेला इसम हमखास एकच युक्तिवाद करी, "अहो हवालदारसाहेब, रस्त्यावर म्युनिसिपालटीचे दिवे आहेत की! मला सगळं स्वच्छ दिसतंय." त्यावर हवालदार शांतपणे विचारी, "तुला दिसतंय रे, पण तू दिसतोस का?" समुद्रावर रात्री हौसेनं होडी हाकणाऱ्यानं कोणते दिवे लावावेत, याचा सगळा इतिहास या एका प्रश्नात मावतो.

शिडांच्या जमान्यात हा प्रश्न इतका बोचत नसे. वारा कुठून वाहतोय हे सर्वांनाच ठाऊक. त्यावरून समोरचा कुठल्या अंगाला जाईल याचा अंदाज बांधता येई. मग आली आगबोट. ती वाऱ्याला जुमानीना. वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालून येणारी ही बया रात्री कुठून उगवेल याचा नेम राहिला नाही. तेव्हा १८४८ साली इंग्लंडच्या नौदल खात्यानं आगबोटींना फर्मावलं, की डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा लावा. शिडवाल्यांवर रंगीत दिव्यांची सक्ती व्हायला १८५८ साल उजाडलं. १८६३ साली तर ब्रिटन आणि फ्रान्स या दोन जुन्या भाऊबंदांनी मिळून नियम केले, आणि १८६४ संपायच्या आत तीसहून अधिक देशांनी ते उचलले.

यातली गंमत रंगांत आहे. समोर नुसता तांबडा दिसला तर ती बोट तुमच्या उजवीकडून डावीकडे चालली आहे. हिरवा दिसला तर उलट. पांढरा एकटाच दिसला तर बहुधा तिची पाठ. आणि तांबडा-हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती थेट तुमच्याच भेटीला निघाली आहे! इंजिनाच्या दोन बोटींची वाट एकमेकींना छेदत असेल, तर जिला दुसरी उजव्या हाताला दिसते तिनं बाजूला व्हायचं. हे खलाशांच्या डोक्यात बसावं म्हणून बोर्ड ऑफ ट्रेडमधल्या टॉमस ग्रे नावाच्या साहेबानं १८६७ साली चक्क पद्यं रचली. सरकारी अधिकाऱ्याची कविता लोकांनी आपण होऊन पाठ करावी, हा योग विरळाच.

आजचे नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यात तांबडा आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांतून दिसावा, आणि मागचा पांढरा १३५ अंशांतून, असं आहे. हा अर्धा अंश कुठून आला? जुन्या होकायंत्राचे भाग ३२. त्यांतले दहा डावीकडे, दहा उजवीकडे, बारा मागे. आण्यांचा हिशोब नव्या पैशांत करताना असे अपूर्णांक उरायचेच.

हौसेच्या होडीला यात निराळी सवलत नाही. समुद्राला हौस आणि धंदा यांतला फरक कळत नाही. नियम विचारतो तो लांबी किती आणि चालता कशावर, एवढंच. शीड उभारलेलं असलं तरी खाली इंजिन सुरू केलंत, की तुम्ही कायद्यानं आगबोटवाले. मग दिवेही आगबोटीचे लावायचे! वीस मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला तिन्ही दिवे एकाच कंदिलात बसवून डोलकाठीच्या टोकावर लावता येतात. आणि सात मीटरहून लहान, शिडावर किंवा वल्ह्यांवर चालणाऱ्या होडीला हे दिवे लावणं जमत नसेल, तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवली तरी चालते. अट एकच: टक्कर टळेल इतक्या वेळेवर ती दाखवायची.

या 'वेळेवर'मध्ये सगळा जीव आहे. बारा मीटरपेक्षा लहान होडीचे रंगीत दिवे एका सागरी मैलावरून दिसले तरी नियमाला पुरतात. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. ताशी पंधरा सागरी मैलांनी येणारं मालवाहू जहाज हे अंतर चार मिनिटांत तोडतं. तेवढ्यात आपल्याकडे चहासुद्धा उकळत नाही. तिथं मात्र तेवढ्यात त्या जहाजावरच्या माणसानं तुम्हाला बघायचं, ओळखायचं आणि ते अवाढव्य धूड वळवायचं असतं. होडीची हौस तुमची. बॅटरीतले सेल मात्र त्याच्यासाठी घ्यायचे असतात.