गच्चीवरचा मेंढीकोट

पहिली दोन वर्षं रात्री टँकरची वाट बघत आम्ही गच्चीवर मेंढीकोट खेळायचो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं, पण जो तो स्वतःसाठी. इथे समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी १३ पानं आणि जीव सगळा चार दश्श्यांत. तीन उचलल्या की डाव, चारही आल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर ७ हात करणारे जिंकले. उतारीचा रंग ज्याच्याकडे आधी संपेल, त्याने टाकलेला रंग हुकूम. मेन्टेनन्सवरून ए-बी विंगचं बोलणं बंद होतं, तरी भिडू चिठ्ठ्या टाकूनच ठरत. खाणाखुणा बंद, समोरच्या विंगवाल्याचं मन पानावरूनच ओळखायचं. (यायचं हो ओळखू!) थकबाकीचे सहा हप्तेही शेवटी तिथेच, पानं पिसता पिसता ठरले.