बुतामानची रांग

जपानमधल्या कोबे शहरात मोतोमाची स्टेशनला उतरलात, की नानकिनमाची ही चिनी वस्ती चालत पाचेक मिनिटांवर. तिच्या चौकात एक रांग असते. ती 'रोशोकी' या दुकानाची. इथे एकच पदार्थ मिळतो : वाफवलेल्या पांढऱ्या कणकेत डुकराच्या मांसाचं सारण. वर उकडीच्या मोदकासारख्या चुण्या, आकार मुठीहून लहान. याला म्हणतात बुतामान. पहिल्याच घासाला आतला गरम रस हनुवटीवर ओघळतो. फोटोच्या नादात तो थंड मात्र करू नका.

खाऊन झाल्यावर प्रश्न पडतो, की चिनी लोक नेमके याच गल्ल्यांत का आले?

१८६८ साली कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. गोऱ्या व्यापाऱ्यांना करारानुसार स्वतंत्र वसाहत मिळाली. चीनचा मात्र जपानशी तेव्हा करारच नव्हता. तो झाला १८७१ साली. त्यामुळे गोऱ्यांबरोबर हिशेबनीस, दुभाषे, स्वयंपाकी म्हणून आलेले चिनी लोक वसाहतीच्या सीमेबाहेर, पश्चिमेला राहू लागले. तीच ही वस्ती. चीनहून आलेल्या कशालाही त्या काळी जपानी लोक 'नानकिन' जोडत. शेंगदाणे म्हणजे नानकिन-मामे आणि ढेकूण म्हणजे नानकिन-मुशी! त्याच चालीवर माणसांच्या गल्लीलाही नाव पडलं.

(याच बंदरातून १८९३ साली मुंबईला जाणारी जपानी बोटसेवा सुरू झाली. जमशेटजी टाटांचा तिच्यात पुढाकार होता आणि परतीचा मुख्य माल होता आपल्याकडचा कापूस.)

खरी मेख १८९९ची. परदेशी वसाहती बरखास्त झाल्या, परकीयांना देशात कुठेही राहायची मुभा मिळाली. पण त्याच वेळी निघालेल्या एका फर्मानाने परदेशी मजुरांना जुन्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय राहायला आणि काम करायला बंदी घातली. शब्द 'परदेशी', रोख चिन्यांवर. शेती, खाणकाम, बांधकाम, ओझी वाहणं सगळं बंद. घरकाम, स्वयंपाक आणि वाढपी मात्र बंदीतून वगळले होते. परदेशी राहणारे चिनी 'तीन पात्यां'वर जगतात असं म्हणत : स्वयंपाक्याची सुरी, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा. त्याला आवड किंवा परंपरा म्हणणं सोपं आहे. मला त्यात कायद्याने मोकळा सोडलेला दरवाजा जास्त दिसतो.

१९१५ साली त्साओ सोंगची यांनी रोशोकी सुरू केलं. पदार्थ होता तिआनजिनचा पाओत्झ, गिऱ्हाईक मुख्यतः बंदरावरचे चिनी खलाशी. शेजाऱ्यांनीही खावा म्हणून सारण सोया सॉसच्या जपानी चवीवर आणलं. नावही साधं केलं : 'बुता-मांजू', म्हणजे डुकराच्या मांसाचा मांजू. पुढे त्याचंच बुतामान झालं. टोकियोकडे अशाच पदार्थाला निकुमान म्हणतात, 'निकु' म्हणजे मांस. कोबे-ओसाकाकडे मात्र नुसतं निकु म्हटलं की गोमांस, जसं आपल्याकडे मटण म्हटलं की बोकडाचं. म्हणून इथे 'बुता', डुक्कर, स्पष्ट सांगावं लागतं.

मग १९३७ला चीन-जपान युद्ध पेटलं आणि इथले चिनी एका रात्रीत शत्रुदेशाचे नागरिक ठरले. बरेच परतले. १९४५च्या अमेरिकी बॉम्बफेकीत वस्ती जळाली. युद्धानंतर इथे परदेशी खलाशांचे बार आले. आजची रंगीत वेस, दगडी सिंह वगैरे बरंचसं १९८०च्या दशकातलं. पर्यटकांना जे 'जुनं' वाटतं, त्याहून बुतामान कितीतरी जुना.

१७ जानेवारी १९९५च्या पहाटे, ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. शहरात गॅस नव्हता, पाणी नव्हतं. दोन आठवड्यांवर चिनी नववर्ष आलं होतं. नानकिनमाचीने त्या वर्षीचा उत्सव रद्द केला, रस्त्यावर चुली मांडल्या आणि येईल त्याला गरम खाणं वाढलं.