प्लेजरिझम म्हणजे काय? सॉफ्टवेअर ते कसं पकडतं आणि आपण ते कसं टाळायचं?

सबमिशनचे दिवस आले की ज्युनिअर्सचा एक मेसेज मला हमखास येतो, "दादा, रिपोर्टमध्ये प्लेजरिझम २८ टक्के दाखवतंय, कमी कसं करू?" माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. का, ते आज समजून घेऊया.

प्लेजरिझम म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्याचे शब्द, कल्पना, आकृती, डेटा किंवा कोड त्याचा उल्लेख न करता स्वतःचा म्हणून देणं म्हणजे प्लेजरिझम, मराठीत वाङ्मयचौर्य. इंग्रजी लेखाचं भाषांतर करून मूळ स्रोत लपवणं हेही त्यातच आलं.

सॉफ्टवेअर काय तपासतं?

चोरी झाली की नाही, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते फक्त साम्य मोजतं. प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंट तपासायला वापरलं जाणारं 'मॉस' हे टूल बघा. ते १९९४ मध्ये तयार झालं. ते मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचा एक आकडा म्हणजे हॅश काढतं आणि त्यातले निवडक आकडे 'फिंगरप्रिंट' म्हणून ठेवतं. दोन फायलींचे बरेच फिंगरप्रिंट जुळले की ते जुळणारे भाग समोर येतात. व्हेरिएबलची नावं बदलून इथे काही उपयोग होत नाही, कारण तुलनेआधी नावांमधला फरक काढूनच टाकलेला असतो.

म्हणजे उल्लेखासह दिलेलं अवतरणही आकडा वाढवू शकतं, आणि उचललेली कल्पना नव्या शब्दांत लिहिली तर शून्य टक्केही दिसू शकतं. पण ती चोरीच राहते. आकडा खाली आणणं आणि प्रामाणिक काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यूजीसीचे नियम

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधासाठी साम्याच्या चार पातळ्या आहेत:

- १० टक्क्यांपर्यंत: दंड नाही
- १० ते ४० टक्के: ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारित प्रत
- ४० ते ६० टक्के: सुधारित प्रत द्यायला १ वर्ष बंदी
- ६० टक्क्यांच्या वर: त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द

संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित समीकरणं आणि योग्य उल्लेखासह दिलेली अवतरणं यात मोजायची नसतात. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हे नियम मास्टर्स आणि संशोधनाच्या पदवीसाठी दिलेल्या लेखनाला आणि प्रकाशनांना लागू आहेत. असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट यातून वगळलेत, तिथे तुमच्या कॉलेजचे नियम चालतात. ते आधीच विचारून घ्या.

मग टाळायचं कसं?

१. नोट्स काढतानाच लिंक, लेखक आणि पान क्रमांक लिहा. शेवटच्या रात्री शोधायला गेलात तर सापडत नाही.
२. मूळ लेख वाचा, विंडो बंद करा आणि समजलेलं स्वतःच्या भाषेत लिहा. नंतर मूळाशी ताडून पाहा. शब्द तुमचे असले तरी संदर्भ द्यायचाच.
३. वाक्य जसंच्या तसं हवं असेल तर अवतरणचिन्हात टाका.
४. गिटहबवरचा कोड घेताना लायसन्स वाचा. एमआयटी लायसन्समध्येही मूळ कॉपीराइट सूचना ठेवावी लागते.
५. एआय वापरलं असेल तर गाइडला सांगा. 'एआय डिटेक्टर'वर विसंबू नका. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये बंद केला होता. रिपोर्टचे जुने ड्राफ्ट आणि गिट कमिट जपून ठेवा. उद्या शंका आलीच तर तेच तुमच्या बाजूने बोलतील.

मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो तेव्हा टक्केवारी विचारत नाही, "ही ओळ इथे का लिहिलीस?" एवढंच विचारतो. ज्याने काम स्वतः केलंय, तो अडखळत का होईना, पण सांगतो. ढापलेल्या प्रोजेक्टला तिथे कुठलाच टूल वाचवू शकत नाही.

तुमच्या ज्या मित्राचं सबमिशन जवळ आलंय, त्याला हा लेख नक्की पाठवा!