ऐकणे

'पोरगं ऐकत नाही' असं आई म्हणते, तेव्हा पोराचे कान शाबूत असतात हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं. बायबलची हिब्रू अशीच बोलते. आज्ञा मानायलाही ती बहुधा 'शामा', म्हणजे ऐकणे, हेच क्रियापद वापरते. उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात अब्राहामाला आशीर्वाद मिळतो, तो देवाचा शब्द 'ऐकला' म्हणून. ग्रीक 'हुपाकुओ' काय, लॅटिन 'ओबेदिरे' काय, दोन्हींच्या पोटात ऐकणंच आहे. त्या मानाने आपलं 'आज्ञापालन' मला जरा कचेरीतलं वाटतं.

'आशीर्वादा'त मात्र आपण मागे नाही. त्यातला 'वाद' म्हणजे बोलणं. लॅटिनमधला आशीर्वादही शब्दशः 'चांगलं बोलणं'च. सहाव्या शतकात इटलीतल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिणाऱ्या संत बेनेडिक्टांचं नाव त्यावरूनच आलं, अर्थ 'आशीर्वादित'. आणि त्या नियमावलीचा पहिला शब्द? 'ऐक'.

न ऐकणाऱ्यांचं काय, तेही लिहून ठेवलंय. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आशीर्वाद १४ वचनांत आटोपतात. शाप थेट ६८व्या वचनापर्यंत चालतात.