बाबांचं हृदय मोठं आहे!

"तुमच्या वडिलांचं हृदय मोठं आहे," असं कुणी म्हटलं की एरवी मुलाला बरंच वाटेल. पण गेल्या महिन्यात इथे वसईत डॉक्टरांनी बाबांचा टू-डी इको बघून हेच वाक्य उच्चारलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. डाव्या जवनिकेची भिंत जाड, डावी कर्णिका मोठी. (चार कप्प्यांची ती आकृती मी शेवटची शाळेत काढली होती.) कारण? ब्लडप्रेशर. बाबांनी दोन वर्षांपूर्वीच गोळी बंद केली होती, कुणाला न सांगता. "काही दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?"

आम्ही आयटीवाले. काही बिघडलं की आधी जुने लॉग उघडतो. तसा वाचत बसलो.

मामला साधा आहे. डावी जवनिका रक्त महाधमनीत ढकलते. धमन्यांत दाब जास्त असेल तर प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि ठोके दिवसाला साधारण एक लाख. मग जिममध्ये दंड फुगावेत तसा तिचा स्नायू जाड होतो. पण जाड भिंत ताठर असते, नीट सैल पडत नाही. तिच्यात रक्त भरताना मागच्या कर्णिकेवर ताण येतो आणि ती मोठी होते. वर्षानुवर्षं हे चाललं तर जवनिकाही थकून पसरते. आणि सगळं बिनबोभाट!

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते शवविच्छेदनात. लंडनच्या रिचर्ड ब्राइटने १८३६ मध्ये लिहून ठेवलं की मूत्रपिंडाच्या कित्येक रोग्यांचं हृदय जाड झालेलं असतं, झडपा चांगल्या असूनही. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जास्त कष्ट पडत असावेत, हा त्याचा तर्क. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिवा-रोच्चीने आणला तो थेट १८९६ मध्ये.

पण मोजता आलं म्हणून उपाय थोडाच सापडतो? मार्च १९४४ मध्ये डॉक्टरांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना तपासलं. दाब १८६/१०८, हृदय मोठं झालेलं. जगातला सर्वात बलाढ्य माणूस, आणि डॉक्टरांच्या हातात काय? डिजिटॅलिस, विश्रांती, मीठ कमी, सिगरेटी कमी. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले.

आता गोष्ट आपल्या मुंबईत येते. केईएम हॉस्पिटलशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी मुळी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेझरपीन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत १४३ रोग्यांवरच्या चाचणीने दाखवून दिलं की औषधाने नुसता आकडा उतरत नाही, माणसं वाचतात. त्या चाचणीतल्या तीन औषधांपैकी एक होतं रेझरपीन. (आज त्याच्या दुष्परिणामांमुळे ते मागे पडलंय, म्हणून घरी मुळ्या उगाळू नका!)

रविवारी जेवताना हे सगळं बाबांना सांगितलं. रूझवेल्टचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण केईएम म्हटल्यावर मान वर झाली. तीस वर्षं विरार लोकलने एल्फिन्स्टन रोडला (आताचं प्रभादेवी) उतरून ते परळला कामाला जात होते, त्याच हॉस्पिटलसमोरून.

"म्हणजे औषध आपल्या नाकासमोर होतं म्हण की!"

"आणि रूझवेल्टला मिळालं नाही. तुम्हाला मिळत असून तुम्ही सोडलंत, बाबा."

ते काही बोलले नाहीत. आईने ताटातला सुका बोंबील मुकाट्याने उचलला. रात्री गोळीच्या पाकिटाचा कडकन आवाज आला.

दाब ताब्यात राहिला तर जाड झालेली भिंत बऱ्याचदा थोडी उतरते, असं डॉक्टर म्हणाले. पुढचा इको सहा महिन्यांनी. तोवर रोज तो आवाज ऐकतोय.

असो. तुमच्या घरी पाकीट कुठे आहे, ते आज बघाच.