सिमकार्डधारकांची सक्तीची पडताळणी आणि जनसामान्यांची प्रतिक्रिया : वाकड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पहिल्या काही वर्षांत ही सेवा श्रीमंतांपुरती मर्यादित होती. २००३ च्या सुमारास येणारे कॉल निःशुल्क झाले, दर उतरले आणि प्रीपेड सिमकार्ड पानटपरीवर व किराणा दुकानात मिळू लागले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत शासनाने प्रत्येक सिमकार्डधारकाची ओळख व पत्ता यांची पडताळणी सक्तीची केली. या सक्तीचे स्वरूप २००६ पासून अनेकदा बदलले आणि तिच्याविषयीची लोकांची प्रतिक्रियाही बदलत गेली. या बदलाचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

विवेचनासाठी वाकड हा परिसर संदर्भ म्हणून घेतला आहे. मुळा नदीकाठचे हे गाव १९९७ च्या हद्दवाढीत पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. एका बाजूस हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, दुसऱ्या बाजूस पिंपरी-भोसरी-चाकणचा कारखानदारी पट्टा आणि मधून जाणारा मुंबई-बंगळुरू महामार्ग, अशा स्थानामुळे शेतीचे गाव दोन दशकांत गृहसंकुलांचे उपनगर बनले. तेथे मूळ ग्रामस्थ आहेत, संगणक अभियंते आहेत आणि इमारती उभारणारे मजूरही आहेत. या तिघांकडे कागदपत्रे सारखी नाहीत. म्हणूनच ओळख आणि पत्ता मागणाऱ्या धोरणाचा अभ्यास अशा वस्तीच्या संदर्भात उपयुक्त ठरतो.

उद्दिष्टे

१) सिमकार्ड पडताळणीच्या धोरणाचे टप्पे कालक्रमाने मांडणे.
२) प्रत्येक टप्प्यावर उमटलेल्या प्रतिक्रियेचे स्वरूप व कारणे तपासणे.
३) स्थलांतरितांच्या वस्तीत या धोरणाचा अर्थ काय होतो, हे स्पष्ट करणे.

पत्त्याशी बांधलेला दूरध्वनी

सक्तीच्या पडताळणीला झालेला विरोध हा केवळ खाजगीपणाच्या जाणिवेतून आला, असे मानले जाते. इतिहास मात्र काहीसे वेगळे दाखवतो. तारेचा दूरध्वनी घराला जोडलेला असे, त्यामुळे त्याच्या धारकाचा पत्ता वेगळा सिद्ध करण्याची गरजच नसे. दूरध्वनी खात्याच्या छापील निर्देशिकेत ग्राहकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक सर्वांसाठी प्रसिद्ध होत असे आणि त्यात नाव असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. कित्येक वर्षे प्रतीक्षा यादीत राहून मिळालेल्या जोडणीचे मोल त्या नोंदीत दिसे. रेडिओ बाळगण्यासाठीही १९८० च्या दशकापर्यंत टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि तो दरवर्षी नूतनीकृत करावा लागे. मध्यमवर्गाला शासनदरबारी नाव लागणे अपरिचित नव्हते.

नोंदीचा दुसरा चेहराही महाराष्ट्राने पाहिला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती पुढे मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. त्याखाली अनेक भटक्या जमातींची नोंद झाली ती संशयित म्हणून, आणि त्यांना नियमित हजेरी द्यावी लागे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु नोंदवहीत नाव लागणे म्हणजे पोलिसांच्या नजरेत येणे, ही आठवण त्या समाजांत टिकून राहिली. एकाच राज्यातील दोन समाजघटकांच्या दृष्टीने ‘नोंद’ या शब्दाचे अर्थ असे परस्परविरोधी होते.

गरीब माणसाचा दूरध्वनीशी संबंध मुख्यतः सार्वजनिक दूरध्वनी केंद्रातून आला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला आलेला कामगार रात्री दर कमी झाल्यावर एस.टी.डी. बूथवर रांग लावून गावी बोलत असे. मीटरप्रमाणे पैसे दिले की व्यवहार संपे. प्रीपेड सिमकार्डाने हीच सोय खिशात आणली. पत्त्यापासून सुटलेला हा पहिला दूरध्वनी होता. पडताळणीच्या सक्तीने त्याला पुन्हा पत्त्याशी बांधण्याचा प्रयत्न केला. ज्यांच्या घरी तारेचा दूरध्वनी कधीच नव्हता, त्यांच्या संभाषणाला या सक्तीमुळे प्रथमच कायमचे नाव व पत्ता चिकटला.

२००६-०७ ची फेरपडताळणी

ग्राहकाची ओळख तपासण्याची अट दूरसंचार कंपन्यांच्या परवान्यांत आधीपासून होती. तिची अंमलबजावणी मात्र ढिली होती. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाड्यांत सात स्फोट झाले आणि ८ सप्टेंबर रोजी मालेगाव हादरले. या पार्श्वभूमीवर दूरसंचार विभागाने २२ नोव्हेंबर २००६ रोजी नवे निर्देश काढले. सर्व विद्यमान ग्राहकांची फेरपडताळणी ३१ मार्च २००७ पर्यंत पूर्ण करावी आणि त्यानंतर आढळणाऱ्या प्रत्येक अपडताळित जोडणीमागे कंपनीला १००० रुपये दंड व्हावा, असे ठरले.

या टप्प्यावरील प्रतिक्रिया प्रामुख्याने गैरसोयीची होती. दहशतवादाविरुद्धच्या उपायाला तत्त्वतः विरोध करणारे फार थोडे होते. छायाचित्र, ओळखीचा पुरावा व पत्त्याचा पुरावा यांच्या झेरॉक्स प्रती घेऊन लोक दुकानांत गेले. तक्रार होती ती मुदतीबद्दल, आधी दिलेले कागद पुन्हा मागण्याबद्दल आणि क्रमांक बंद होण्याच्या धास्तीबद्दल. गवंडी, सुतार, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी तो क्रमांक म्हणजे कामाचा पत्ता होता. क्रमांक बंद पडला तर मुकादम, गिऱ्हाईक आणि गाव हे तिन्ही तुटत होते. दंड कंपनीला होता, परंतु त्याची झळ ग्राहकाच्या रोजगारापर्यंत पोहोचत होती.

पत्त्याचा पुरावा आणि स्थलांतरित

वाकडसारख्या वस्तीत अडचण ओळखीपेक्षा पत्त्याची होती. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश किंवा बिहार येथून आलेल्या माणसाचे रेशनकार्ड व मतदार ओळखपत्र गावच्या पत्त्याचे असे. बांधकामावरील मजूर पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत राहतात. इमारत पूर्ण झाली की वस्ती हलते आणि पत्ताही नाहीसा होतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्या तरुणाच्या नावे वीजबिल नसते, भाडेकरारही नसतो. सुशिक्षित अभियंत्याचा करारसुद्धा बहुधा अकरा महिन्यांचा, म्हणजे त्याचा पत्ता वर्षभरही टिकण्याची खात्री नसे. फरक इतकाच की, अभियंत्याकडे पारपत्र किंवा कंपनीचे पत्र असते आणि मजुराकडे मुकादमाचा शब्द. परगावच्या ग्राहकाकडून स्थानिक परिचिताचे नाव व क्रमांक घेण्याची तरतूद झाली, तेव्हा हा शब्दच काही प्रमाणात कागदावर आला.

यातून एक सर्वपरिचित प्रघात रूढ झाला. ज्याच्याकडे स्थानिक कागद होता त्याच्या नावावर इतरांनी सिमकार्डे घेतली. घरमालक, मेहुणा, मित्र, ठेकेदार यांच्या नावावरील कार्ड वापरणे हे लोकांच्या दृष्टीने लबाडीचे नव्हते. ती अडलेल्याला केलेली मदत होती. परंतु त्यामुळे नोंदवहीतील नाव आणि प्रत्यक्ष बोलणारा माणूस यांच्यातील अंतर वाढत गेले. नोंदणीचा मूळ हेतू नेमक्या याच ठिकाणी निष्फळ ठरत होता.

कागदांचा दुरुपयोग व न्यायालयीन हस्तक्षेप

दुसरा दोष विक्रीच्या साखळीत होता. विक्रेत्याला मोबदला मिळे तो सुरू झालेल्या कार्डांच्या संख्येवर. एका ग्राहकाने दिलेल्या झेरॉक्स प्रतींवर दुसरी कार्डे सुरू करणे सोपे होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या तपासात खोट्या कागदपत्रांवर घेतलेल्या सिमकार्डांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटानंतर तर हा विषय पुणे परिसराच्या अधिक जवळ आला.

अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय देऊन दूरसंचार विभाग व दूरसंचार नियामक प्राधिकरण यांची संयुक्त समिती नेमण्यास सांगितले. त्यानंतर ९ ऑगस्ट २०१२ चे निर्देश निघाले आणि ते ९ नोव्हेंबरपासून लागू झाले. ग्राहकाला प्रत्यक्ष पाहिले व मूळ कागद तपासले, असे विक्रेत्याने लिहून द्यावे आणि पडताळणी पूर्ण झाल्याखेरीज कार्ड सुरू होऊ नये, हे त्यांचे सार होते. झेरॉक्स प्रतीवर ‘फक्त सिमकार्डासाठी’ असे आडवे लिहून सही करण्याची सवय सुशिक्षितांत पसरली, ती याच काळातील अविश्वासाची खूण होय. आता कागद मागितला जाण्यापेक्षा, दिलेल्या कागदाचे पुढे काय होते, ही चिंता बळावली.

आधार जोडणी : दोन प्रकारचे प्रतिसाद

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये दूरसंचार विभागाने आधारवर आधारित ई-केवायसीस मान्यता दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि अंगठा टेकवून काही मिनिटांत सिमकार्ड मिळू लागले. स्थलांतरित मजुराला ही मोठी सोय होती. स्थानिक वीजबिल किंवा भाडेकरार न दाखवता त्याला प्रथमच स्वतःच्या नावाचे कार्ड सहज मिळाले.

यानंतर ६ फेब्रुवारी २०१७ रोजी लोकनीती फाउंडेशनच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. त्याचा आधार घेऊन दूरसंचार विभागाने २३ मार्च २०१७ रोजी परिपत्रक काढले आणि सर्व विद्यमान ग्राहकांना आधारद्वारे फेरपडताळणी करण्यास सांगितले. देशातील १०० कोटींहून अधिक जोडण्यांवर याचा परिणाम होणार होता. क्रमांक बंद होईल, असे संदेश वारंवार येऊ लागले. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाने अशा संदेशांत अंतिम मुदत स्पष्ट नमूद करण्यास सांगितले, यावरून लोकांतील घबराटीची कल्पना येते. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी आपण जोडणी करणार नसल्याचे जाहीर केले होते. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेल्यांची व वृद्धांची अडचण वेगळीच होती. यंत्र त्यांना ओळखत नसे. ऑक्टोबर २०१७ मध्ये शासनाने ओटीपी व दूरध्वनीवरून पडताळणीचे पर्याय जाहीर केले.

डिसेंबर २०१७ मधील घटनेने संशयाला ठोस आधार मिळाला. भ्रमणध्वनीच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारवर संमतीविना एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेल्याच्या आणि काहींचे गॅस अनुदान तेथे जमा झाल्याच्या तक्रारींनंतर आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसी सुविधा तात्पुरती थांबवली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपये दंड केला. एका कामासाठी दिलेली ओळख दुसऱ्या कामासाठी वापरली जाते, ही शंका आता केवळ तात्त्विक राहिली नाही.

दरम्यान २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने घोषित केले होते. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २३ मार्च २०१७ चे परिपत्रक घटनाबाह्य ठरवले. मूठभरांच्या दुरुपयोगासाठी संपूर्ण जनतेच्या खाजगी आयुष्यात शिरता येणार नाही, असा बहुमताच्या निर्णयाचा आशय होता.

हा विजय निःसंशय महत्त्वाचा होता. परंतु तो सर्वांना सारखा लाभला नाही. ज्याच्याजवळ पारपत्र, वाहन परवाना व भाडेकरार होता, त्याला आधार नाकारण्याचे स्वातंत्र्य मिळाले. ज्याच्याजवळ आधारखेरीज सांगण्याजोगा कागद नव्हता, त्याची अंगठा टेकवून कार्ड मिळवण्याची सोय ऑक्टोबर २०१८ नंतर काही काळ थांबली. एकाच निर्णयाचे वाकडच्या गृहसंकुलात आणि त्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत दोन अर्थ होत होते.

२०१८ नंतरची वाटचाल

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने आधारचा स्वेच्छेने वापर करण्याची मुभा दिली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ई-केवायसी पुन्हा सुरू झाली. मे २०२३ मध्ये आलेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे पाहण्याची सोय देशभर मिळाली. इतकी वर्षे शासन नागरिकाची नोंद पाहत होते. नागरिकाला आपली नोंद पाहता येणे ही त्यातील नवी बाब होती. त्याच वर्षी विक्रेत्यांची नोंदणी बंधनकारक झाली. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने फसवणुकीने सिमकार्ड मिळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद केली. मेहुण्याच्या किंवा मुकादमाच्या नावावर कार्ड चालवण्याचा जुना प्रघात त्यामुळे दोघांसाठीही जोखमीचा झाला.

नोव्हेंबर २०२५ अखेरीस प्रत्येक नव्या भ्रमणध्वनी संचात ‘संचार साथी’ ॲप आधीच बसवण्याचा आदेश निघाला आणि तीव्र टीकेनंतर ३ डिसेंबर रोजी तो मागे घेतला गेला. २००७ मध्ये निमूटपणे झेरॉक्स देणारा समाज व २०२५ मध्ये काही दिवसांत आदेश मागे घ्यायला लावणारा समाज, यांतील अंतर लक्षणीय आहे. अन्य देशांचा अनुभवही बोलका आहे. मेक्सिकोने २००९ मध्ये अशी नोंदणी सुरू केली, तेव्हा अनेकांनी निषेध म्हणून राष्ट्राध्यक्षांच्याच नावे क्रमांक नोंदवले. ती योजना गुंडाळावी लागली आणि २०२१ चा नवा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला.

निष्कर्ष

१) सक्तीच्या पडताळणीवरील पहिली प्रतिक्रिया गैरसोयीची, दुसरी कागदांच्या दुरुपयोगाची आणि तिसरी खाजगीपणाच्या अधिकाराची होती. या प्रतिक्रिया एकमेकींत मिसळत क्रमाने विकसित झाल्या.

२) सुरक्षेच्या हेतूला लोकांनी क्वचितच विरोध केला. विरोध झाला तो मुदतीच्या धाकाला आणि संमतीविना होणाऱ्या वापराला.

३) पत्त्याची मागणी जितकी कडक झाली, तितका दुसऱ्याच्या नावावर कार्ड घेण्याकडे कल वाढला. खोट्या नोंदींचे एक कारण गुन्हेगारी असले, तरी दुसरे कारण स्थलांतरितांना पत्ता सिद्ध करता न येणे हे होते.

४) न्यायालयाने खाजगीपणाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला, पत्त्याचा प्रश्न मात्र प्रशासनाचा आहे. उपनगर उभारणाऱ्या मजुराला त्याच उपनगरातील रहिवासी म्हणून सिद्ध होता येत नसेल, तर त्याची ओळख तपासण्याची कोणतीही पद्धत अपुरीच राहते. वाकडसारख्या परिसरात पडताळणीची पुढील सुधारणा अधिक कागद मागण्यापेक्षा भाड्याच्या व तात्पुरत्या निवाऱ्याला अधिकृत पत्ता देण्यापासून सुरू होणे आवश्यक आहे.