पेपर छापायला पैसे का मोजायचे? खुल्या संशोधनाचा विसरलेला इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका संशोधक विद्यार्थ्याने मित्रांकडून उसने पैसे घेतले. फेलोशिपचा हप्ता थकला होता आणि पेपर छापायचा होता. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी किमान एक पेपर प्रकाशित असणे सक्तीचे होते. एका जर्नलने चार दिवसांत स्वीकृती कळवली आणि सोबत बँकेचा खाते क्रमांक पाठवला. पैसे भरले, पेपर छापला. पुढे ते जर्नलच बोगस निघाले. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या त्या मुलाला एवढेच कोणी सांगितले नव्हते की, एक रुपया न देता पेपर छापता येतो आणि तो जगाला मोफत वाचायला खुलाही करता येतो.

ती सक्ती २०२२ च्या नियमांत निघून गेली. समज मात्र गेला नाही. ‘ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे भरून छापणे’ हे वाक्य विद्यापीठांच्या विभागांत आजही सर्रास ऐकू येते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : हा समज खोटा आहे. फी ही खुल्या संशोधनाची अट कधीच नव्हती. ती नंतर आली, आणि कशी आली याचा इतिहास आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. संशोधकाचा पगार किंवा फेलोशिप बहुतेक वेळा जनतेच्या पैशातून येते. पेपर लिहिण्याचे मानधन नाही, तो तपासणाऱ्या प्राध्यापकालाही सहसा काही मिळत नाही. तरी छापून झाल्यावर मालकी प्रकाशकाची! दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मॅक्सवेलच्या पर्गमॉन प्रेससारख्या कंपन्यांनी यातला नफा ओळखला. एका जर्नलची जागा दुसरे जर्नल घेऊ शकत नाही, म्हणून ग्रंथालये मागतील ती वर्गणी भरतात. १९९१ मध्ये एल्सेव्हियरने पर्गमॉन विकत घेतले आणि मक्तेदारी आणखी घट्ट झाली.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एक सर्व्हर सुरू केला. शास्त्रज्ञांनी आपला पेपर छापून येण्याआधीच तिथे ठेवायचा आणि कोणीही तो मोफत घ्यायचा. तेच आजचे ‘आर्काइव्ह’. लेखकाकडून तेव्हाही फी नव्हती, आजही नाही.

दुसरा मार्ग ब्राझीलने काढला. तिथली जर्नल्स इंग्रजीच्या बाजारात कोणी मोजत नव्हते. १९९७ मध्ये साओ पावलो राज्याच्या संशोधन निधी संस्थेच्या मदतीने ‘सायलो’ हा प्रकल्प सुरू झाला. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधली जर्नल्स एकाच ठिकाणी, वाचकाला मोफत, आणि खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून. श्रीमंत देशांनी रस्ता दाखवायची वाट त्यांनी पाहिली नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्ट इथे काही अभ्यासक जमले आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचा जाहीरनामा आला. ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्द त्यातून रूढ झाला. त्यात दोन मार्ग सांगितले होते. पहिला, लेखकाने आपला पेपर स्वतः खुल्या भांडारात ठेवणे. दुसरा, वाचकाला मोफत अशी जर्नल्स काढणे. या जर्नल्सचा खर्च कसा भागवायचा याची यादीही होती. सरकार, विद्यापीठे, निधी संस्था अशी अनेक नावे झाल्यावर अगदी शेवटी संशोधकाच्या खिशाचा उल्लेख आला. जो पर्याय यादीच्या शेपटाला होता, तोच पुढे बाजाराने डोक्यावर घेतला.

बायोमेड सेंट्रलने २००२ मध्ये लेखकांकडून फी घ्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ निघाले आणि त्याची फी होती १,५०० डॉलर. प्लॉस ही ना-नफा संस्था. तिचा हेतू प्रकाशकांची पकड मोडण्याचा होता. पण मोठ्या प्रकाशकांना नवे गणित सापडले : वाचकाकडून नाही, तर लेखकाकडून वसूल करा. ‘नेचर’ने २०२१ पासून खुल्या प्रकाशनासाठी लावलेली फी होती ९,५०० युरो. आपल्याकडच्या जेआरएफची साधारण दोन वर्षांची रक्कम त्यात जाते. पूर्वी वाचणाऱ्याला दार बंद होते, आता लिहिणाऱ्याला. गरीब देशांना फीमाफी मिळते म्हणतात, पण अनेक मोठ्या प्रकाशकांच्या यादीत भारत बसत नाही.

आणि हे सगळे चालू असताना आपल्या मुंबईत काय घडत होते? परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते. मुंबईच्याच मेडनो या प्रकाशन संस्थेने ते आणि अशी अनेक भारतीय वैद्यकीय जर्नल्स इंटरनेटवर मोफत आणली. लेखकाला फी नाही, वाचकाला फी नाही. छापील अंक विकून खर्च भागवायचा. परदेशात ‘फीशिवाय चालेल कसे?’ ही चर्चा रंगली होती तेव्हा परळमध्ये ते चालत होते. २०११ मध्ये मेडनो एका बहुराष्ट्रीय प्रकाशकाने विकत घेतली. धडा दोन बाजूंचा आहे. फीशिवाय जर्नल चालते. पण मालकी समाजाच्या हाती नसेल तर ते विकलेही जाते.

सरकारी पातळीवरही भूमिका आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच आपले भांडार उघडले. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी धोरण आणले : आमच्या निधीतून झालेले संशोधन भांडारात ठेवा, जर्नलच्या फीचा भार आम्ही उचलणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. पण ती योजना मुख्यतः सरकारी संस्थांमधल्यांना वाचता यावे म्हणून आहे. एम.ए. झाल्यावर विद्यापीठाचा लॉगिन गेलेल्या आमच्यासारख्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांना तिचा उपयोग नाही. आमच्या वस्तीवर लिहिलेला पेपर आम्हालाच उघडता येत नाही. मुलाखती आम्ही दिल्या, घरोघरी आम्ही फिरवले, आणि निष्कर्ष कुलपात.

म्हणून हा प्रश्न फक्त फीचा नाही, हक्क वापरण्याचाही आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. ठरावाने पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला लोक चालत गेले, तेव्हा त्या हक्काला अर्थ आला. बहुतेक मोठी जर्नल्स लेखकाला आपल्या पेपरची कोणती ना कोणती प्रत खुली ठेवायची परवानगी देतात. करारात ते लिहिलेले असते. पण करार वाचतो कोण?

तेव्हा संशोधन करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी एवढे करावे. जर्नल निवडताना ‘डीओएजे’ ही खुल्या जर्नल्सची सूची पाहावी. २००३ पासून चालणाऱ्या या सूचीतली बहुसंख्य जर्नल्स लेखकाकडून काहीही घेत नाहीत. जातीवर काम करणाऱ्यांसाठी ब्रँडाइस विद्यापीठातून २०२० पासून निघणारे ‘कास्ट : अ ग्लोबल जर्नल ऑन सोशल एक्सक्लूजन’ हे याच प्रकारचे आहे. वर्गणीच्या जर्नलमध्ये छापायचे असेल तर तिथेही सहसा फी नसते. ‘ओपन ॲक्सेस हवा का?’ या पर्यायावर नाही म्हणावे. मग तज्ज्ञांच्या तपासणीनंतर स्वीकारलेली आपली अंतिम टंकलिखित प्रत जपून ठेवावी आणि करारातली मुदत पाहून ती विद्यापीठाच्या भांडारात, ‘झेनोडो’वर किंवा समाजशास्त्राच्या ‘सोशआर्काइव्ह’वर टाकावी. प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ टाकू नये, तिचे हक्क वेगळे असतात. आणि चार दिवसांत स्वीकृती देऊन खाते क्रमांक पाठवणाऱ्याला उत्तरच देऊ नये.

ज्यांचा पेपर आधीच कुलपात आहे त्यांनी आजच आपला करार काढून वाचावा. ज्या वस्तीने माहिती दिली, तिच्यापर्यंत तो पेपर पोहोचवणे हे आपल्यावरचे देणे आहे. ते फेडायला फी लागत नाही.